निवेदन दिलं, फोटो काढला, पुढे काय? सेवाभावी संस्थांसाठी विधिमंडळाची वाट

पहिल्यांदा हिवाळी अधिवेशनाला नागपूरला गेलो, तेव्हा आमच्या पिशवीत बारा पानी निवेदनाच्या चाळीस प्रती होत्या. रात्रभर गाडीत बसून आलेलो, तिघी जणी. दिवसभर रविभवन आणि आमदार निवास यांच्या दरम्यान चकरा मारल्या. संध्याकाळी एका आमदारांच्या पीएने आमची बारा पानं शांतपणे चाळली आणि विचारलं, "ताई, सगळं बरोबर आहे. पण साहेबांनी नेमकं करायचं काय?"

आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. बारा पानांत दुःख होतं, आकडे होते, संविधानातले उतारे होते. साहेबांनी काय करायचं, ते कुठेच नव्हतं.

शाळाबाह्य मुलं असोत, निराधार बायका असोत की दिव्यांग, जी संस्था रोज सेवा देते तिच्याकडे धोरण बदलण्याचा सगळ्यात भक्कम ऐवज असतो आणि तो वापरण्याची सवय मात्र सगळ्यात कमी. "आम्ही सेवा करतो, राजकारण नाही" हे वाक्य मीही वर्षानुवर्षं बोलले आहे. पण ज्या अटीमुळे आपल्या दारातली बाई रिकाम्या हाताने परत जाते, ती अट कुणीतरी लिहिलेली असते आणि लिहिलेली गोष्ट खोडता येते. ती कशी खोडून घ्यायची, हे नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी लिहिते आहे. उदाहरणं महाराष्ट्र विधिमंडळाची आहेत, कारण तीच वाट मला ठाऊक आहे.

आधी भीती निस्तरा

विश्वस्त मंडळात हा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "नोंदणी जाईल." म्हणून पहिलं काम घरातलं. संस्थेची घटना काढा, उद्देशांचं कलम वाचा, ज्या प्रश्नावर बोलायचं तो त्या उद्देशांत बसतो का ते बघा आणि विश्वस्तांच्या बैठकीत रीतसर ठराव करून घ्या. सरकारपुढे मागणी मांडणं हा गुन्हा नाही. संविधानाचं कलम १९ बोलण्याचं आणि संघटना करण्याचं स्वातंत्र्य देतं. कलम ३५० तर सांगतं की गाऱ्हाण्याचं निवेदन केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत देता येतं. तेव्हा इंग्रजी येत नाही म्हणून कुणी अडू नये.

रेषा ओलांडली जाते ती पक्षाच्या बाजूला. उमेदवाराचा प्रचार, पक्षाला देणगी, संस्थेच्या गाडीवर झेंडा यातलं काहीही नको. निवडणुकीच्या काळात जाहीरनाम्यासाठी मागणी पाठवायची असेल, तर एकच पत्र सगळ्या पक्षांना पाठवा आणि प्रती जपून ठेवा.

परदेशी निधी घेणाऱ्यांनी जास्त सांभाळावं. २०१० च्या एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांवरच्या कायद्यानुसार आमदार, खासदार, राजकीय पक्ष आणि त्यांचे पदाधिकारी यांना परदेशी देणगी घेता येत नाही. त्यामुळे त्या पैशातून आमदारांचा 'अभ्यास दौरा' वगैरे काढण्याच्या फंदात पडू नका. दुसऱ्या बाजूने, सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये इंडियन सोशल अ‍ॅक्शन फोरमच्या खटल्यात स्पष्ट केलं की सक्रिय किंवा पक्षीय राजकारणाशी संबंध नसलेल्या संघटनेला, ती आपल्या मागण्यांसाठी बंद-हरताळासारखे मार्ग वापरते एवढ्यावरून, राजकीय ठरवता येत नाही. तुमच्या लेखापालाला हा निकाल दाखवा, त्यांनाही झोप लागेल. आमच्यापुरता नियम आम्ही सोपा ठेवला आहे: मुंबई-नागपूरच्या चकरांचा खर्च स्थानिक देणगीतून करायचा आणि त्याची वेगळी खतावणी ठेवायची.

एक सूचना आत्ताच देऊन ठेवते. इंटरनेटवर मिळणाऱ्या बऱ्याच मार्गदर्शिका अमेरिकी असतात. तिथे ५०१(सी)(३), म्हणजे करमुक्त सेवाभावी संस्थांना कायदेमंडळावर प्रभाव टाकण्यासाठी किती खर्च करता येईल, याची टक्केवारीची मर्यादा निवडता येते. तिकडच्या मराठी मंडळांना ते गणित लागू असेल, इथे तसा आकडा नाही.

नेमकं काय बदलायचं आहे?

यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवायला सांगेन. "कायदा बदला" असं आपण सहज म्हणतो, पण दहातल्या बहुतेक वेळा अडचण कायद्यात नसतेच. कायदा विधिमंडळ करतं. त्याखालचे नियम विभाग करतो आणि राजपत्रात छापतो. योजना चालते ती शासन निर्णयावर, म्हणजे जीआरवर. त्याखाली परिपत्रक येतं आणि सगळ्यात खाली तहसील कार्यालयातल्या टेबलावर चालत आलेली पद्धत, जी कुठेच लिहिलेली नसते. अडचण कुठल्या पायरीवर आहे ते कळलं नाही, तर तुम्ही मंत्र्याकडे अशी गोष्ट मागाल जी नायब तहसीलदार एका सहीने देऊ शकला असता.

संजय गांधी निराधार अनुदान योजनाच घ्या. विधवा, परित्यक्ता, दुर्धर आजारी अशांसाठी ती आहे आणि चालते जीआरवर. २०२३ मध्ये महिन्याचं अनुदान १,००० वरून १,५०० रुपये झालं, तेही जीआरनेच. पण कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा मात्र २१,००० रुपयांवर थांबून राहिली. २०२४-२५ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. म्हणजे एखादी बाई वर्षात ७१ दिवस सरकारच्याच कामावर गेली, तर सरकारच्याच हिशेबाने ती निराधार उरत नाही. हा गुणाकार आम्ही एका कार्यकर्तीच्या वहीच्या मागच्या पानावर केला होता. बारा पानी निवेदनापेक्षा ते मागचं पान जास्त चाललं.

इथे मागायचं काय? नवा कायदा मुळीच नको. सामाजिक न्याय विभागाचा एक सुधारित जीआर आणि त्याला लागणाऱ्या पैशाची अर्थसंकल्पात तरतूद, एवढंच. मागणी अशी बोटावर मावली पाहिजे.

खरोखर कायदाच हवा असेल, तर विषय राज्याच्या हातात आहे का ते आधी बघा. समवर्ती सूचीतला, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो असा विषय असेल आणि केंद्राच्या कायद्याशी विसंगती येत असेल, तर राज्याचं विधेयक मंजूर होऊनही राष्ट्रपतींच्या संमतीसाठी थांबतं. सामाजिक बहिष्काराविरोधातलं विधेयक दोन्ही सभागृहांनी एप्रिल २०१६ मध्ये मंजूर केलं आणि कायदा लागू झाला तो जुलै २०१७ मध्ये. महिला अत्याचारांविरोधातलं 'शक्ती' विधेयक तर डिसेंबर २०२१ मध्ये मंजूर होऊनही संमतीअभावी अडकून राहिलं.

रजिस्टरमधून पुरावा काढा

पुरावा म्हणजे फार मोठं सर्वेक्षण असं वाटून संस्था थांबतात. तुमच्याकडे आवक रजिस्टर आहे, केस पेपर आहेत. मागच्या दोन वर्षांत किती अर्ज भरून दिले, किती नामंजूर झाले, कुठल्या कारणाने झाले, एवढे तीन रकाने काढा. आम्ही काढले तेव्हा कळलं की ज्या कारणावरून आम्ही सगळ्यात जास्त ओरडत होतो, ते तिसऱ्या क्रमांकावर होतं. लाज वाटली, पण निवेदन सुधारलं.

उरलेले आकडे माहिती अधिकारात मागा. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून "सर्व माहिती मिळावी" असं न लिहिता तालुका, वर्ष आणि नामंजुरीचं कारण असा नेमका प्रश्न विचारा. तीस दिवस मोजा, उत्तर नाही आलं तर प्रथम अपील. अधिवेशनाच्या आधी किमान तीन महिने हे सुरू करा.

माणसांच्या कहाण्या लागतातच, पण एक-दोनच. नाव बदलून, त्या बाईला वाचून दाखवून, तिची परवानगी घेऊन. "मॅडम, एखादी केस आणा ना, टीव्हीसमोर" असं सांगणारे भेटतील. त्यांना नाही म्हणायला शिका.

एक पान

निवेदन एकाच पानाचं करा. प्रति, विषय, संदर्भ हा सरकारी साचा मोडू नका, कारण तो कागद पुढे टेबलांवरूनच फिरणार आहे. विषयाच्या ओळीतच मागणी यावी. संदर्भात ज्या जीआरमध्ये बदल हवा, त्याचा क्रमांक आणि तारीख. मग अडचण चार ओळींत, आकडे चार ओळींत, आणि शेवटी सध्याचं वाक्य काय आहे व त्या जागी कुठलं वाक्य हवं, ते शब्दशः. हा शेवटचा भाग बहुतेक संस्था गाळतात. कक्ष अधिकाऱ्याला तयार वाक्य मिळालं, तर टिपणी लवकर लिहून होते.

किती खर्च येईल, याचाही अंदाज द्या. वित्त विभाग हा प्रश्न विचारणारच. उत्तर आपल्याकडे नसेल, तर ते आपल्या वतीने दुसरं कुणीतरी फुगवून देईल.

प्रत दिली की पोच घ्या. शिक्का, तारीख, आवक क्रमांक. गुच्छ देतानाचा फोटो ही पोच नव्हे.

कुणाकडे जायचं आणि कधी

विधानसभेत २८८ आमदार आहेत आणि परिषदेत ७८. सगळ्यांकडे जाण्याचा मोह टाळा. तुमच्या जिल्ह्यातला एक सत्ताधारी, एक विरोधी आणि परिषदेतला एखादा अभ्यासू सदस्य, असे तीन पुरतात. विरोधी सदस्य प्रश्न धारदार विचारतो, सत्ताधारी सदस्य मंत्र्यांच्या दालनात बैठक लावून देतो, दोन्ही लागतं. परिषदेतले सदस्य, विशेषतः शिक्षक आणि पदवीधर मतदारसंघातले, नवख्या संस्थांच्या यादीत सहसा नसतात. मतदारसंघातल्या रस्त्या-गटारांची गर्दी त्यांच्या दारात जरा कमी असते आणि ते निवांत ऐकून घेतात, असा माझा तरी अनुभव आहे.

पीएंना मान द्या. साहेब विसरतात, पीए विसरत नाहीत.

वर्षाचं वेळापत्रक डोक्यात पक्कं असू द्या. मार्चच्या सुमारास अर्थसंकल्पीय अधिवेशन, जून-जुलैत पावसाळी, ही दोन्ही मुंबईत; डिसेंबरात हिवाळी, १९५३ च्या नागपूर कराराची आठवण म्हणून नागपुरात. पैशाची मागणी मार्चमध्ये घेऊन जाणारी संस्था उशिरा पोहोचलेली असते. विभाग आपले अंदाज शरद ऋतूतच, दिवाळीच्या आगेमागे तयार करतात, तेव्हा मंत्रालयातल्या उपसचिवांना भेटा. अधिवेशन काळात मंत्रालयात कुणी जागेवर सापडत नाही, आणि सापडलं तर उत्तरं लिहिण्यात बुडालेलं असतं.

सभागृहातली हत्यारं

आमदारांनी "मी विषय मांडतो" म्हटलं की विचारायचं, कुठल्या आयुधातून? विधिमंडळात हाच शब्द चालतो.

नवख्यांसाठी सगळ्यात उपयोगी आयुध म्हणजे तारांकित प्रश्न, ज्याचं उत्तर मंत्र्याला सभागृहात तोंडी द्यावं लागतं. सूचना अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्यावी लागते, म्हणून मसुदा तुम्हीच लिहून द्या. त्याची भाषा ठरलेली आहे. आमच्या उदाहरणात तो असा होईल:

"(१) संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये आहे, हे खरे आहे काय, (२) असल्यास, या कारणास्तव मागील तीन वर्षांत नामंजूर झालेल्या अर्जांची जिल्हानिहाय संख्या किती आहे, (३) सदर मर्यादा वाढविण्याबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?"

दुसरा उपप्रश्न महत्त्वाचा. "हे खरे नाही" आणि "प्रश्न उद्भवत नाही" ही दोन उत्तरं सरकारी खात्याच्या जिभेवर कायम तयार असतात, पण संख्या विचारली की संख्याच द्यावी लागते. आणि सभागृहात दिलेली संख्या नंतर नाकारता येत नाही.

याची ताकद २०१९ मध्ये दिसली. बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या बायकांची गर्भाशयं काढली जात असल्याचं कार्यकर्त्या आणि पत्रकार आधीपासून सांगत होते. जूनमध्ये विधान परिषदेत विषय आला आणि तीन वर्षांत जिल्ह्यातल्या खासगी रुग्णालयांत ४,६०५ गर्भाशय शस्त्रक्रिया झाल्याचं आरोग्यमंत्र्यांनी सभागृहात सांगितलं. समिती नेमली गेली. त्यानंतरच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची अशी शस्त्रक्रिया झाल्याचं पुढे आलं. गावागावांतून गोळा केलेलं जे ज्ञान 'एनजीओवाल्यांचं म्हणणं' होतं, ते सरकारी आकडा झालं.

लक्षवेधी सूचना (विधानसभेत नियम १०५) ताज्या, तातडीच्या विषयासाठी असते. मंत्र्याचं निवेदन आणि त्यावर प्रश्न असं तिचं रूप, आणि खरी आश्वासनं बहुधा तिथेच मिळतात. अनेक सदस्यांच्या सह्या असतील तर बरं. नियम २९३ खालची चर्चा मोठ्या विषयांसाठी, तिच्यात आपला मुद्दा बुडण्याची शक्यता जास्त. औचित्याचा मुद्दा, म्हणजे एखादा विषय सभागृहाच्या नजरेस थोडक्यात आणून देणं, मिनिटभरात संपतो. कपात सूचना (विभागाने मागितलेली रक्कम कमी करा, असं सुचवणारी) आणि पुरवणी मागण्यांवरचं (अर्थसंकल्पानंतर मागितलेल्या जादा निधीवरचं) भाषण यांकडे मात्र दुर्लक्ष करू नका. विभागाच्या मागणीवर बोलताना आमदाराला मुद्दे हवेच असतात आणि त्याच्या हातात तुमचं एक पान असलं तर तेच वाचलं जातं.

अशासकीय विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेलं विधेयक, ऐकायला भारदस्त वाटतं. संसदेत १९५२ पासून अशी फक्त १४ विधेयकं कायदा झाली, शेवटचं १९७० मध्ये. ते चर्चा घडवण्यासाठी मांडा, मंजुरीची आशा ठेवून नको.

विधेयक दोन्ही सभागृहांच्या सदस्यांच्या संयुक्त समितीकडे गेलं तर ती संधी सोडू नका. बेकायदा कृत्यं करणाऱ्या संघटनांना आवर घालण्यासाठी आणलेल्या जनसुरक्षा विधेयकावरच्या संयुक्त समितीने एप्रिल २०२५ पर्यंत लोकांकडून सूचना मागवल्या, तेव्हा १२,००० हून अधिक आल्या. समितीने काही शब्दयोजना बदलली, विरोध करणाऱ्यांचं समाधान झालं नाही आणि जुलैमध्ये विधेयक मंजूर झालं. बाजू कुठलीही असो, अशा ढिगात "आमचा विरोध आहे" एवढंच लिहिलेलं पत्र फक्त मोजलं जातं. खंड क्रमांक, त्यातला आक्षेपार्ह शब्द आणि पर्यायी शब्द दिलेलं पत्र वाचावं लागतं.

किती दिवस लागतील?

जादूटोणाविरोधी कायद्याची तारीखवार यादी आमच्या कार्यालयात भिंतीवर लावलेली आहे. १९९५ मध्ये विधान परिषदेत अशासकीय ठराव. २००५ मध्ये विधानसभेची मंजुरी, मग परिषदेत अडकणं. अनेकदा मसुदा बदलला, वारकऱ्यांच्या आक्षेपांवर बोलणी झाली, श्रद्धेला हात लावल्यासारखी वाटणारी कलमं गळाली. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात कायदा झाला. अनुसूचीत नेमकी बारा कृत्यं उरली. मसुदा आकसला म्हणून तेव्हा काहींनी नाकं मुरडली होती. मला मात्र वाटतं, व्याख्या नेमकी झाली म्हणूनच पोलिसांना गुन्हा नोंदवता येतो.

जीआरमधला एक शब्द बदलायला इतकी वर्षं लागत नाहीत. तरी दोन अधिवेशनं धरून चला.

आश्वासन मिळालं, मग?

बहुतेक संस्था इथेच घरी जातात. मंत्री म्हणाले, "सकारात्मक विचार करू", टाळ्या झाल्या, पेढे वाटले. हे आश्वासन नव्हे. "तीन महिन्यांत मर्यादा वाढवण्याचा प्रस्ताव मंत्रिमंडळापुढे आणू" हे आश्वासन. कार्यवृत्तातला, म्हणजे सभागृहातल्या कामकाजाच्या अधिकृत नोंदीतला तेवढा उतारा मिळवा. विधिमंडळाची आश्वासन समिती अशा वाक्यांचा माग काढते आणि पूर्ततेसाठी ९० दिवस धरले जातात. एक्क्याण्णवाव्या दिवशी आपल्या आमदारामार्फत समितीला आणि विभागाला पत्र द्या. लोकांचे अर्ज तपासणाऱ्या विनंती अर्ज समितीचाही रस्ता आहे, फक्त तिथे सदस्यामार्फतच जावं लागतं.

जीआर निघाला तर तो स्वतः डाउनलोड करून शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. आपण मागितलेला बदल कधी कधी पहिल्या परिच्छेदात मिळतो आणि सातव्यात एखादी नवी अट येऊन बसते. मग त्याच्या प्रती काढून तलाठी, तहसीलची संजय गांधी शाखा आणि तालुका समितीच्या सदस्यांना नेऊन द्या. "आमच्यापर्यंत आलेलं नाही" हे उत्तर पहिले सहा महिने हमखास मिळतं. ज्या आमदाराने प्रश्न विचारला, त्यांनाही प्रत आणि आभाराचं पत्र पाठवा. श्रेय त्यांना घेऊ द्या, बॅनरही लावू द्या.

आणि रजिस्टरमध्ये एक नवा रकाना आखा: जुन्या अटीवर नामंजूर झालेल्यांपैकी कितींचे अर्ज पुन्हा भरले. आमच्याकडे तो रकाना भरायला सुरुवात केली, तेव्हा यादीतल्या दोघी आधीच वारल्या होत्या.